सलंग

नववीच्या फळ्यावर मी लिहिलं : कलम तेरा.
मागच्या बाकावरून आचल मारबते म्हणाली,
"सर, आमच्या टोलीत घरंबी तेराच हायेत."
वर्ग हसला. मीही हसलो,
आणि खडू हातात तसाच राहिला.

संसद कायदा करते, मी शिकवत होतो.
मूलभूत हक्कांवर पाय देणारा कायदा
जितका पाय देतो, तितका रद्द.
"सगळ्याईनं हात वर केले तरी?" कुणीतरी विचारलं.
पाचशे त्रेचाळीस हात,
एकही मांडीवर राहिला नाही, तरी?
तरी, मी म्हणालो.
माझा उजवा हात आदल्या रात्रीच वर गेला होता.

आदल्या रात्री, म्हणजे सभेत.
धान गर्भात होता, आकाश कोरडं,
तलाव मात्र काठोकाठ. पाटलांच्या पोरानं ठराव मांडला :
सलंगेवर हातभर वाळूची पोती रचा,
पाणी वाया जातं.
(आमच्या सावरटोल्यात सांडव्याला सलंग म्हणतात,
आणि सलंगेच्या खाली धिवरांची टोली.)
दोनशे अकरा हात. त्यात दोन एकराचा मी.
टोली आली नव्हती, जाळी टाकायची रात्र होती त्यांची.

उरकुडा पाणकर तुडुमाजवळ राहतो, सभेत बसत नाही,
दारात उभा राहतो. तिथूनच बोलला :
"पानी आधी कोनाच्या बांधीत, ते तुमी ठरवा.
पाट वळवा, पाळी बदला, मला काढून दुसरा पाणकर ठेवा,
सारा ठराव तुमचा.
सलंग ठरावात येत नाही जी.
ते पाळ बांदली तवाच ठरली."
"कोनं ठरवली?"
"मेलेल्याईनं."

हशा पिकला. मेलेल्यांचे हात कुठं मोजायचे,
पाटलांचा पोरगा म्हणाला,
आणि खरं सांगतो, मला तो मुद्दा पटला होता.
दीडशे पावसाळ्यांपूर्वीच्या माणसांनी
माझ्या धानाचं पाणी का अडवावं, किंवा का सोडावं?

उरकुडा पायाच्या अंगठ्यानं माती टोकरत राहिला.
"ते मेले, बरोबर हाय.
पाळ फुटली त मरनारे अजून जिते हायेत.
उंची वाढवायचीच हाय त बुडापासून पाळ वाढवा,
टोलीले विचारा, उन्हाळ्यात या, मी टोपली धरतो.
पन कितीबी उंच करा,
बिनसलंगेचा तलाव होत नाही.
तो थांबलेला पूर होते."

पोती रात्री रचली गेली.
मी दोन उचलली. ओली वाळू मानेवरून पाठीत उतरली.
पहाटे पाळीवर गेलो तर
पोती खाली नाल्यात आडवी पडलेली,
आणि सलंगेवरून पाणी
रोजच्यासारखं, बोटभर जाड, बोलत चाललेलं.
कुणी काढली, कुणी विचारलं नाही.
उरकुडा तुडुमावर धोतर पिळत होता.
माझ्याकडं पाहून म्हणाला, "थंडी पडली जी."
त्या आठवड्यात दोन दिवस, दोन रात्री पाऊस झाला.
नाही झाला असता तरी पोती नाल्यातच असती,
हे मला फार नंतर समजलं.

धान कमी झाला. हे लपवत नाही.
पाटाचं शेवटचं पाणी पुरलं नाही,
माझ्या घरी अर्धी खंडी कमी आली,
बायको महिनाभर उरकुडाचं नाव घेत नव्हती.

सहामाहीत प्रश्न टाकला होता :
संसदेच्या अधिकाराला मर्यादा का असावी? दोन गुण.
सगळ्यांनी पुस्तकातलं लिहिलं, शुद्धलेखनासकट.
आचलनं लिहिलं होतं :
संसद मोठी आहे. तिच्यात सगळ्या गावांचं पाणी येते.
पण तिच्या खाली घरं आहेत.
पुढं काही नाही. अर्धं पान कोरं.

मी लाल पेन उघडून बराच वेळ बसलो.
"येते" खाली रेघ मारली,
मग ती रेघ खोडली.